कानशिलावरची शीर

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांची नावं देशभर झाली, ती डोक्यामुळे. आधी खाज, मग हात लावला की हातात येणारे केस आणि तीन-चार दिवसांत टक्कल. पाण्याचे नमुने गेले, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं पथक आलं, वाहिन्यांचे कॅमेरे आले, आणि महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. टक्कल दिसतं. दहा घरांत दिसलं की गाव बोलतं आणि तहसील ऐकते.

या लेखातलं डोक्याचं दुखणं मात्र दिसत नाही. ते गावात एखाद्याच घरी येतं, तेही घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे. त्या माणसाच्या तक्रारी ऐकायची सवय घराला नसते. तक्रारी असणारच असं समजण्याची असते.

मेहकरकडची एक म्हातारी डोळ्यांपुढे आणा. म्हातारी मी रचलेली आहे. तिच्या तक्रारी मात्र वैद्यकाच्या पुस्तकांतल्या आहेत, त्यांतली एकही माझी नाही. वय बहात्तर. आयुष्यभर डोकं दुखलं नाही, अर्धशिशीचं नाव फक्त शेजारणीकडून ऐकलेलं. तीन आठवड्यांपासून उजव्या कानशिलात ठणका. सून तेल लावून विंचरायला बसली तर म्हातारी तिचा हात झटकते, "डोक्याले हात नको लावू वं, कातडं जयते." पदरसुद्धा खुपतो. उजव्या कुशीवर झोपता येत नाही. घरातले म्हणतात ऊन लागलं. बाम येतो, मग चष्म्याच्या नंबरावर संशय जातो.

जेवताना आणखी एक गोष्ट घडते आणि ती कुणाच्याच लक्षात येत नाही. ज्वारीची भाकर चावायला मेहनत लागते. म्हातारी पहिले चार घास नीट खाते, पाचव्या-सहाव्या घासाला जबडा भरून येतो, दुखतो. ती थांबते, पाणी पिते, दोन मिनिटांनी दुखणं जातं, पुन्हा खायला लागते, पुन्हा तेच. काही दिवसांनी ती आपणच भाकर वरणात कुस्करून खायला लागते. सगळे म्हणतात, दात गेले आता. दातांचं दुखणं असं घास मोजून येत नाही आणि थांबल्यावर असं जातही नाही. चढ चढताना ज्याच्या पायाच्या रक्तवाहिन्या आखडलेल्या असतात, त्याची पोटरी जशी भरते आणि उभं राहिल्यावर मोकळी होते, तसंच हे जबड्याचं आहे. चावणाऱ्या स्नायूला लागेल तेवढं रक्त पोहोचत नाही. म्हातारपणात ज्या फार थोड्या खुणा एकाच दुखण्याकडे इतक्या सरळ बोट दाखवतात, त्यांतली ही एक आहे.

सोबत सकाळी दोन्ही खांदे आणि मांड्या आखडलेल्या. खाटेवरून उठायला तासभर लागतो, चोळीत हात घालता येत नाही. त्याला घरात 'वात' म्हणतात. संध्याकाळी कणकण. वजन उतरलेलं. आणि मग एका सकाळी उजव्या डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं होतं, पाचेक मिनिटं, आणि जातं. मुलगा म्हणतो, मोतीबिंदू पिकला असेल, पुढच्या शिबिरात दाखवू.

मोतीबिंदू वर्षानुवर्षं चढतो. तो पाच मिनिटांसाठी येऊन परत जात नाही.

या दुखण्याचं नाव जायंट सेल आर्टेरायटिस. महापेशींचा धमनीदाह असं मराठीत म्हणता येईल, पण डॉक्टरांशी बोलताना त्या नावाचा उपयोग नाही, म्हणून इंग्रजी नावच लक्षात ठेवलेलं बरं. जुनं नाव टेम्पोरल आर्टेरायटिस, म्हणजे कानशिलाच्या धमनीची सूज. कानाच्या पुढून कपाळाकडे वळत जाणारी ही शीर बारीक माणसांत नुसत्या डोळ्यांनीही दिसते. या आजारात ती दोरीसारखी जाड, गाठाळ होते, दाबली की दुखते आणि काही वेळा तिचा ठोका लागेनासा होतो.

आत काय होतं ते ठिबक वापरणाऱ्या शेतकऱ्याला पटकन समजेल, फक्त एक फरक ध्यानात ठेवायला हवा. ठिबकच्या नळीत क्षार साठून ती चोंदते. हृदयविकारातल्या धमनीचंही थोडंफार तसंच. इथे नळीत बाहेरून काही येऊन बसत नाही, नळीची भिंतच आतल्या बाजूला सुजते. धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. सर्वांत बाहेरच्या थरात पहारा देणाऱ्या पेशी असतात. त्या काही कारणाने चिथावतात, आणि ते कारण अजून कुणाला सापडलेलं नाही. त्या रक्तातल्या टी-पेशींना बोलावतात, टी-पेशी भक्षक पेशींना बोलावतात. भक्षक पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या अवाढव्य पेशी बनतात. आजाराचं नाव त्यांच्यावरून पडलं. धमनीला लवचीक ठेवणारा पापुद्रा या गर्दीत फाटतो, दुरुस्तीच्या नावाखाली आतला थर वाढत जातो आणि रक्ताची वाट बुजत येते.

कवटीच्या आतल्या धमन्यांच्या भिंतीत लवचीक तंतू कमी असतात, म्हणून मेंदू बऱ्याच अंशी वाचतो. डोळा वाचत नाही. दृष्टीची नस डोळ्याच्या पाठीमागून जिथे निघते, तिथे तिला रक्त देणाऱ्या धमन्या केसाएवढ्या बारीक असतात. त्या बुजल्या की नसेचं टोक काही तासांत मरतं. नेत्रतज्ज्ञाने डोळ्यात प्रकाश टाकून पाहिलं तर ते खडूसारखं पांढरं, सुजलेलं दिसतं. गेलेली नजर जवळजवळ कधीच परत येत नाही. उपचार झाला नाही तर दुसरा डोळाही काही दिवसांत, आठवड्या-दोन आठवड्यांत त्याच वाटेने जाऊ शकतो. तो पाच मिनिटांचा पडदा म्हणजे वाट बुजत आल्याचा निरोप होता.

या आजाराची पहिली नीट नोंद लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी १८९० साली केली. त्यांच्याकडे आलेल्या वयोवृद्ध माणसाच्या डोक्यावर लाल, दुखऱ्या रेषा उमटल्या होत्या आणि त्यामुळे त्याला हॅट घालता येत नव्हती. त्या रेषा म्हणजे सुजलेल्या धमन्या. हॅट असो, टोपी असो की पदर, तक्रार तीच आहे. फक्त हॅट न घालणारा इंग्रज माणूस १८९० मध्ये लगेच लक्षात येत असावा. बगदादच्या अली इब्न ईसा या नेत्रवैद्याने हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या ग्रंथात डोकं आणि डोळे दुखत असल्यास कानशिलाची धमनी डागण्याचा उल्लेख आहे. तो याच आजाराबद्दल होता असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण कानशील आणि डोळा यांचं नातं त्याला दिसलं होतं.

१९३२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये बेयार्ड हॉर्टन आणि सहकाऱ्यांनी कानशिलाच्या धमनीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि आजार पक्का झाला. उपचार तेव्हा नव्हताच. त्याच मेयो क्लिनिकमध्ये सप्टेंबर १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं आणि काही दिवसांत ती चालायला लागली. हेंच, केंडॉल आणि राइशस्टाइन यांना त्याबद्दल १९५० चं नोबेल मिळालं. थोड्याच काळात हे औषध कानशिलाच्या आजारावर वापरलं गेलं आणि म्हाताऱ्यांचे डोळे वाचायला लागले. आजार पक्का झाला ते आणि औषध सापडलं ते इस्पितळ एकच निघावं, असा योग वैद्यकाच्या इतिहासात क्वचित येतो.

आता अवघड भाग. हा आजार आपल्याकडे आहे का?

आहे, पण कमी. तो मुख्यतः उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांचा. पन्नाशीच्या आत जवळजवळ होत नाही, सत्तर ते ऐंशीत सर्वाधिक होतो, बायकांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. मेयो क्लिनिकच्या परिसरात पन्नाशी ओलांडलेल्या दर लाख माणसांमागे वर्षाला वीसच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. भारतातल्या नोंदी मोजक्या, मोठ्या इस्पितळांतल्या. आपल्याकडे त्याची धाकटी बहीण जास्त दिसते, ताकायासू आर्टेरायटिस. जपानी नेत्रवैद्य मिकितो ताकायासू यांनी ती १९०८ मध्ये वर्णिली. ती विशी-तिशीतल्या मुलींना गाठते आणि मनगटाची नाडीच लागेनाशी करते. थोरली म्हाताऱ्यांची आणि युरोपची, धाकटी तरुणींची आणि आशियाची, अशी ढोबळ वाटणी पुस्तकांत असते.

थोडा हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. त्यातला सहावा हिस्सा पन्नाशीपुढचा धरला तर चार लाखांहून अधिक माणसं होतात. मिनेसोटाचा दर लावला तर वर्षाला ऐंशी-पंच्याऐंशी रुग्ण निघतील. तो दर इथे लागू नाही, म्हणून त्याचा दहावा हिस्साच धरा. तरी वर्षाला आठ-नऊ माणसं. दहावा हिस्सा हा माझा अंदाज आहे, मोजणी नव्हे, आणि तो चुकीचाही असेल. पण दोन-तीन माणसं असतील तरी ती कुणाच्या तरी खाटेवर, मलकापुरात, चिखलीत, लोणारात पडलेली आहेत, आणि त्यांच्या कागदांवर दुसरंच काही लिहिलेलं असण्याची शक्यता बरीच आहे.

दुसरं काही म्हणजे बहुतेक वेळा टीबी. म्हातारं माणूस, संध्याकाळची कणकण, उतरलेलं वजन, वाढलेला ईएसआर: आपल्याकडे कुठल्याही डॉक्टरच्या मनात पहिलं नाव टीबीचं येतं, आणि यायलाच हवं, कारण बहुतेक वेळा ते बरोबर असतं. गंमत अशी की सूक्ष्मदर्शकाखालीही हे दोन आजार एकमेकांच्या वेशात येतात. क्षयाच्या गाठीतल्या महापेशींचं नेमकं वर्णन थिओडोर लांगहान्स यांनी १८६८ मध्ये केलं आणि त्या आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. तशाच पेशी कानशिलाच्या धमनीतही दिसतात. म्हणून इथल्या पॅथॉलॉजिस्टला युरोपातल्यापेक्षा एक प्रश्न जास्त विचारावा लागतो.

ईएसआरची गोष्टही नीट समजून घेतली पाहिजे. रक्त उभ्या नळीत ठेवून तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचं, एवढीच ही तपासणी. वेस्टरग्रेन या स्वीडिश डॉक्टरांच्या नावाने ती ओळखली जाते. या आजारात आकडा बहुधा पन्नासच्या वर असतो, पुष्कळदा शंभराच्या घरात जातो. पण वयाबरोबर तो असाही वाढतो. ढोबळ नियम असा की पुरुषाचं वय भागिले दोन, बाईच्या वयात दहा मिळवून भागिले दोन, एवढा चालतो. त्यात रक्त कमी असलं की तो आणखी चढतो, आणि वऱ्हाडातल्या किती म्हाताऱ्या बायकांचं हिमोग्लोबिन धड असतं? म्हणून सोबत सीआरपी ही सूज दाखवणारी दुसरी रक्ततपासणी करावी; रक्त कमी असल्याचा तिच्यावर तसा परिणाम होत नाही. दोन्ही तपासण्या तालुक्याच्या गावी होतात. फार थोड्या रुग्णांत दोन्ही आकडे सरळ असतात. तेवढ्यासाठी आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही, कहाणी ऐकायची.

खात्रीसाठी दोन वाटा. एक, कानशिलावरची सोनोग्राफी. सुजलेल्या भिंतीमुळे धमनीभोवती काळं कडं दिसतं. जर्मनीच्या वोल्फगांग श्मिट यांनी ते १९९७ मध्ये दाखवून दिलं. मशिनं जिल्ह्यात पुष्कळ आहेत. ही शीर बारीक असल्यामुळे बारीक प्रोब आणि सवयीचा हात मात्र हवा, आणि ती सवय पोटाची सोनोग्राफी करून येत नाही. दुसरी वाट धमनीचा तुकडा काढण्याची. भूल जागेपुरती, टाके दोन-चार. तुकडा किमान एक सेंटीमीटर हवा, कारण सूज सलग नसते. एक पेर सुजलेलं, पुढचं चांगलं, त्यापुढचं पुन्हा सुजलेलं. चांगल्या पेरातला तुकडा आला तर रिपोर्ट कोरा येतो. कोऱ्या रिपोर्टने आजार नाही असं सिद्ध होत नाही.

या दोन्ही गोष्टींसाठी बुलढाण्याच्या माणसाला बहुधा अकोल्याची किंवा छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागते, संधिवाततज्ज्ञासाठी तर कधी नागपूर-पुण्याची. समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेड राजावरून गेल्यापासून तास वाचले, पण तारीख मिळायला लागणारे दिवस वाचलेले नाहीत. म्हणूनच या आजाराचा सर्वांत महत्त्वाचा नियम ग्रामीण भागासाठीच केला असावा असं वाटतं: संशय दाट असेल तर औषध आधी, तपासणी नंतर. स्टेरॉइड सुरू केल्यावरही तुकड्यातल्या खुणा पुसल्या जायला आठवडे लागतात. दोन आठवड्यांत तुकडा घेतला तरी चालतो. सोनोग्राफीतलं कडं मात्र काही दिवसांत पुसट होतं, तेवढी ती लवकर करावी. रिपोर्टची वाट पाहत गोळी थांबवून ठेवणं हे माझ्या मते या आजारातली एकमेव अक्षम्य चूक आहे.

औषध प्रेडनिसोलोन. शेगावपासून देऊळगाव राजापर्यंत कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं, वायसोलोन या नावाने कंपाउंडरपासून सगळ्यांना ठाऊक आहे. रोज ४० ते ६० मिलिग्रॅमने सुरुवात करतात. नजरेवर परिणाम झाला असेल तर भरती करून तीन दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन देतात, मग गोळ्या. ठणका एक-दोन दिवसांत उतरतो, भाकर पुन्हा चावता येते. उपचाराला इतकी पटकन साद देणारे आजार थोडे.

आणि इथेच फसगत होते. आठ दिवसांत बरं वाटलं म्हणून म्हातारी गोळी सोडते, किंवा शेजारचा कुणी सांगतो की स्टेरॉइड वाईट, लगेच बंद करा. बरं वाटलं म्हणजे धमनी शांत झाली असं नाही. डोस दोन-तीन महिन्यांत १५-२० मिलिग्रॅमवर आणि वर्षभरात पाचच्या आसपास आणायचा असतो; पुष्कळांना दोन वर्षं लागतात. निम्म्याच्या आसपास रुग्णांत मध्येच आजार पुन्हा डोकं वर काढतो. शिवाय बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी झोपलेल्या असतात. गोळी अचानक तोडली तर रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो.

स्टेरॉइडची भीती उगाच नाही. २०२१ मध्ये कोविडनंतरच्या काळ्या बुरशीने महाराष्ट्रात किती डोळे काढावे लागले ते लोक विसरलेले नाहीत. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, काचबिंदू आणि खराखुरा मोतीबिंदू होऊ शकतो, दबलेला टीबी उठतो. म्हणून सुरुवातीलाच छातीचा एक्स-रे, साखर, कावीळ-बीची तपासणी करतात, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जोडतात, हाडांसाठी वेगळं औषध देतात. मधुमेही माणसाचा डोळा लाल सुजलेला असेल, पापणी खाली आली असेल, नाकातून काळपट पाणी येत असेल तर तिथे आधी बुरशीचा विचार करावा लागतो. स्टेरॉइडने ती पेटते. तेव्हा हे वाचून कुणी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नयेत. उलट्या बाजूची फसवणूकही आपल्याकडे आहे: वातावरच्या काही बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळल्याचं वेळोवेळी उघड झालं आहे. त्या पुडीने खांदे मोकळे होतात, ठणका दबतो, आजार आत चालूच राहतो आणि डॉक्टरला कहाणीचा धागा लागत नाही. पुडी चालू असेल तर ती सोबत न्यावी आणि दाखवावी.

स्टेरॉइड कमी करता यावं म्हणून आलेल्या औषधाचं नाव मराठी घरांना वेगळ्याच कारणाने पाठ आहे. टॉसिलिझुमॅब. कोविडमध्ये नातेवाईक ज्या इंजेक्शनसाठी शहरभर फिरले, तेच हे. सूज पेटवणाऱ्या इंटरल्युकिन-६ या रेणूचा रस्ता ते अडवतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या २५१ रुग्णांच्या चाचणीत, दर आठवड्याला ते घेणाऱ्यांपैकी ५६ टक्के रुग्ण स्टेरॉइड सोडून वर्षअखेरीस आजारमुक्त होते. नुसत्या स्टेरॉइडवर सव्वीस आठवड्यांत डोस उतरवलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं. त्याच वर्षी अमेरिकेत त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. किंमत हजारांत जाते, आणि ते चालू असताना सीआरपी खोटं समाधान देते, कारण आजार असला तरी आकडा वाढतच नाही. मेहकरच्या म्हातारीसाठी बहुधा प्रेडनिसोलोनच खरं औषध राहणार आहे आणि नजर वाचवायला ते पुरेसंही आहे.

डोळा वाचला तरी लक्ष काढून घेता येत नाही. हाच आजार छातीतल्या महाधमनीतही जातो आणि काही वर्षांनी ती फुगू शकते, म्हणून अधूनमधून तिची तपासणी लागते.

तुमच्या घरी पन्नाशीपुढच्या कुणाला आयुष्यात कधी नव्हतं असं डोकं दुखायला लागलं असेल, तर डॉक्टरकडे निघण्याआधी त्यांना तीन गोष्टी विचारा: फणी लावली की दुखतं का, डोळ्यापुढे कधी पडदा येऊन गेला का, आणि भाकर चावताना मध्येच थांबावं लागतं का. उत्तरं कागदावर लिहून न्या आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. पडदा येऊन गेला असेल तर शिबिराची तारीख पाहू नका, त्याच दिवशी निघा.